सुभेदारांच्या दाढेच्या पाच फेऱ्या

आमच्या गल्लीत दर मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता एक माणूस हातात बूट घेऊन, अनवाणी, स्वतःच्या घराच्या मागच्या दारातून बाहेर पडायचा. पावलं इतकी हलकी टाकायचा की कुंपणावरची मांजरसुद्धा मान वळवायची नाही. मग तो आपली स्कूटर चालू न करता ढकलत माझ्या घरापर्यंत आणायचा, माझ्या पायरीवर बसायचा, पायमोजे चढवायचा, नाड्या बांधायचा आणि मला म्हणायचा, "भाऊसाहेब, मूव्ह करतोय. काय आनायचं असंल तर आत्ताच बोला. फुडल्या मंगळवारपतूर गाडी न्हाई."

हे आमचे रंगराव सुभेदार. मूळचे माण तालुक्यातले, अठ्ठावीस वर्षं फौजेत, आता साताऱ्यात गोडोलीला माझ्या घराला लागून घर. वय सत्तरीच्या पुढे, पण पाठीचा कणा भिंतीला टेकवून तपासावा असा ताठ. आठवड्यातून एकदाच घराबाहेर पडायचं आणि दीड तासात सगळ्या आठवड्याची कामं उरकून परत यायचं, हा त्यांचा नेम. ब्रीदवाक्यही ठरलेलं, "एक फेरी, फत्ते!"

स्कूटरवर बाजरीचा डबा, त्यावर रद्दी, हँडलला छत्री दुरुस्तीला, पुढे पायाशी मिक्सरचं भांडं, खिशात यादी. यादी दुकानांच्या क्रमाने लिहिलेली. गिरणीत डबा टाकायचा, दळण होईतो न्हाव्याकडे बसायचं, डोकं न्हाव्याच्या ताब्यात देऊन बूट समोरच्या चांभाराकडे पाठवायचे. एका माणसाची दोन टोकं दोन दुकानांत एकाच वेळी दुरुस्त होताना मी साताऱ्यात दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

एकदा घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कोथिंबीर राहिली. मंडई हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, "जाऊन या की."

"न्हाई. फेरी संपली."

आठवडाभर त्या घरात कोथिंबिरीशिवाय आमटी झाली. माझी बायको सुमन कुंपणावरून चार काड्या द्यायला गेली तर म्हणाले, "नगो वैनी. चूक झाल्या, शिक्षा भोगायची."

पाव्हण्यारावळ्यांतही तोच खाक्या. कराडला लग्न, उंब्रजला बारसं आणि वाटेत एका गावी कुणाच्या तरी दहाव्याला भेट, हे सगळं एका एसटीच्या तिकिटात बसवायला गेले. पिशव्या बदलल्या आणि नवरदेवाला भर मांडवात झबलं-टोपडं मिळालं. मुलीकडचे लोक चिडले, तर सुभेदार म्हणाले, "ठेवा की. फुडंमागं लागंलच."

आता माझी आणि त्यांची ओळख कशी झाली तेही सांगायला हवं. मी एका सरकारी कचेरीत कारकून. लोकांना "उद्या या" म्हणणं हे माझं अर्ध्या आयुष्याचं काम आहे आणि ते मी इमानाने केलं आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा सुभेदार उताऱ्यावरच्या नावाची दुरुस्ती घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले. मी सवयीने म्हटलं, "उद्या या." त्यांनी मान डोलावली, बाकावर बसले, पिशवीतून डबा काढला, पाण्याची बाटली काढली आणि शेवटी एक उशी काढली.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमी उद्या या म्हनलासा. म्या उद्यापतूर हितंच हाय. यायचा प्रश्नच मिटला."

सव्वापाचला त्यांचं काम झालं. आमच्या कचेरीत तो दिवस अजून सांगितला जातो. पुढे माझ्या शेजारचं घर विकायला निघालं ते नेमकं त्यांनी घेतलं, आणि मी आयुष्यभर लोकांना घालायला लावलेल्या फेऱ्यांचा हिशेब नियतीने असा माझ्या कुंपणाला आणून टेकवला.

आम्ही सगळे हे लष्करी शिस्तीत जमा करून मोकळे झालो होतो. हातात बूट का, मागचं दार का, स्कूटर ढकलत का, हे कुणी विचारलं नाही. फौजी माणूस, असेल काहीतरी सवय, म्हणून सोडून दिलं. त्यांच्या बायकोला, हिराकाकूंना, दोन-तीन वर्षांपासून गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या, हे गल्लीला ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची अक्कल कुणाला झाली नाही. मला तर नाहीच.

मग सुभेदारांची दाढ आली.

फुटाण्यातला खडा चावला गेला आणि खालची उजवी दाढ ठणकायला लागली. त्यांनी लवंग धरली, मिठाचं पाणी धरलं, शेवटी मंगळवार येईपर्यंत दम धरला. मंगळवारी गाल असा फुगला होता की हेल्मेट घालता येईना. योगायोग असा की मलाही त्याच आठवड्यात थंड पाण्याने डाव्या दाढेतून मस्तकापर्यंत कळ जात होती. आम्ही दोघं मिळून शिल्पा मॅडमच्या दवाखान्यात गेलो. शिल्पा मॅडम तरुण दातांच्या डॉक्टर, वाईकडच्या शेतकऱ्याची मुलगी, हात हलका आणि बोलणं रोखठोक.

मॅडमनी दोघांचे एक्स-रे काढले आणि समोर धरले. "दोघांनाही रूट कॅनल. भाऊसाहेब, तुमचं आज एकाच सिटिंगमध्ये करून टाकते. सुभेदारकाका, तुमच्या तीन सिटिंग होतील. नंतर कॅपसाठी दोन."

सुभेदारांनी बोटांवर मोजलं, तीन आणि दोन, पाच. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. मी, जन्मभर लोकांना पाच-पाच फेऱ्या मारायला लावणारा, एका बैठकीत मोकळा. आणि एक-फेरी-फत्तेवाल्यांना पाच फेऱ्या!

"ह्या कारकुनाला एक, आन मला तीन?" सुभेदार उभेच राहिले. "ही कुठली पद्धत?"

"काका, पद्धती दोन्ही चांगल्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "एका सिटिंगमध्ये केलेला दात आणि तीनमध्ये केलेला दात, नीट केले तर दोन्ही सारखेच टिकतात. एकात केलं तर पहिले काही दिवस जरा जास्त दुखू शकतं, एवढाच काय तो फरक. पण भाऊसाहेबांची नस अजून जिवंत आहे, मुळाशी घाण नाही. काढली, साफ केली, भरली, झालं. तुमची नस कधीच मेलीय. मुळाशी पू झालाय, गाल सुजलाय. आत साफ करून औषध ठेवायचं, आठवडाभर थांबायचं, कोरडं झालं की मग भरायचं."

"दुखू दे की. मांडीत छर्रे घिऊन चार मैल चाललोय म्या. एका दमात करून टाका."

"तुम्हाला चालेल हो. दाढेला नाही चालणार."

"मग अर्धंमुर्धं काम आपल्याला नगो." सुभेदारांनी गोळ्यांची चिठ्ठी तेवढी घेतली आणि गाल धरून बाहेर जाऊन बसले. मी तोंड उघडून आत, ते तोंड मिटून बाहेर. दीड तासाने मी भुलीने वाकडं झालेलं तोंड घेऊन आलो, तर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. बढती हुकलेला माणूस दुसऱ्याच्या खांद्यावरची फीत बघतो ना, तसं.

पुढचे तीन दिवस माझी दाढ मॅडमनी सांगितलं होतं तशी चांगलीच दुखली. सुभेदार रोज कुंपणावरून विचारायचे, "दुखतंय का?"

"दुखतंय."

"पन एकात झालं न्हवं!" असं म्हणून स्वतःचा गाल दाबत आत जायचे.

त्यांना दूध-भाकरी कुस्करून खावी लागत होती, तरी माघार नाही. त्यांचा एक पलटणीतला मित्र सांगलीला राहायचा. त्याने फोनवर सांगितलं, सांगलीत एक वयस्कर डॉक्टर आहेत, दात कसलाही असो, एकाच बैठकीत निकाल लावतात. सुभेदारांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. पुढच्या मंगळवारी सकाळची सहाची एसटी. बरोबर मी, कारण "साक्षीदार पायजे." यादी तयार, गणपतीचं दर्शन, वर्षाची हळद, बेदाणे, भडंग, मित्राची भेट, घड्याळाचा पट्टा आणि सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात, दाढ.

दीड तासाची गोष्ट नव्हती, दिवस मोडणार होता. म्हणून सुमन हिराकाकूंजवळ थांबणार होती. मी सुभेदारांना बोलवायला त्यांच्या दारात गेलो आणि त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की मी किती आंधळा शेजारी आहे.

काकू जाग्या होत्या. त्यांनी सुभेदारांना बूट घालताना पाहिलं होतं. त्या बूट बघत होत्या, माणसाकडे नाही. मग आत गेल्या, डब्यात चार शेंगदाण्याचे लाडू भरून आणले, त्यांच्या पिशवीत ठेवले आणि विचारलं, "आता सुट्टी कवा?"

"आगं, सांगलीला चाललोय. सांच्याला येतो."

"व्हय," काकू म्हणाल्या. "मागल्या टायमाला बी आसंच म्हनलासा." आणि त्या रडायला लागल्या. आवाज नाही, नुसतं पाणी.

एसटी कराड सोडून पुढे गेली तेव्हा सुभेदारांनी लाडवांचा डबा मांडीवर घेतला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भाऊसाहेब, अठ्ठावीस वर्सं सुट्टी संपली की म्या निगायचो आन ती दारात उभी ऱ्हायची. एकदा बी रडली न्हाई. गावातली मानसं म्हनायची, लय घट्ट बाई. आता रडती बगा. समदं साटवून ठिवल्यालं आता रडती. तिला वाटतंय मी डूटीवर चाललो. दर येळंला. मंडईत गेलो तरी. मग म्या फेऱ्याच कमी केल्या. पूजेला बसली की मागल्या दारानं निगायचं. बूट बघितलं की तिला कळतं, म्हनून बूट हातात."

ज्या बुटांवरून मी गल्लीत नकला करून दाखवल्या होत्या, ते बूट माझ्यासमोर चकचकीत पॉलिश होऊन बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

"आता तुमी सांगा," ते म्हणाले, "पाच डाव कसा निगू?"

सांगलीचे डॉक्टर खरोखर वयस्कर होते आणि खरोखर एकाच बैठकीत दात करायचे. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, तोंडात पाहिलं, हिरडी दाबली आणि हात धुतले.

"मी बहुतेक दात एकाच बैठकीत करतो. हा करणार नाही."

"का?" सुभेदारांचा आवाज चिरकला.

"घर बांधलंय ना तुम्ही? भिंतीत ओल असताना वरनं गिलावा करता?"

सुभेदारांनी नाही म्हणून मान हलवली.

"तुमच्या मुळातनं अजून पाझरतंय. आज वरनं बंद केलं तर महिन्याभरात फुगून वर येईल. तुमच्या साताऱ्याच्या मॅडमनी अगदी बरोबर सांगितलंय. परत जा आणि उशीर करू नका."

सुभेदारांनी त्यांना सॅल्यूट ठोकला. हरल्यावरही सॅल्यूट नीटच बसला पाहिजे, असा तो माणूस. मग आम्ही हळद घेतली, बेदाणे घेतले, गणपतीला जाऊन आलो. घड्याळाचा पट्टा राहिला. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

साताऱ्यात गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा दिवे लागत होते. सुभेदार सवयीने मागच्या दाराकडे वळले. तर तिथे सुमन कमरेवर हात ठेवून उभी.

"इकडून नाही," ती म्हणाली. "पुढनं या. आणि आधी माझं ऐकून घ्या. तुम्ही मंगळवारी चोरून जाता तेव्हा काकू काय करतात ठाऊक आहे? मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. त्या सगळ्या खोल्या धुंडतात. खाटेखाली वाकून बघतात. तुम्ही आलात की गप्प बसतात, तुम्हाला सांगत नाहीत. इतके दिवस मीही बोलले नाही, म्हटलं नवरा-बायकोचं आहे. आज त्यांनी तुम्हाला जाताना पाहिलंय. रडल्या, पण एका खोलीतसुद्धा शोधलं नाही. दुपारपासून वाट बघतायत. पाहिलेल्या माणसाचीच वाट बघता येते हो, सुभेदार."

माझ्या बायकोचं बोलणं तिखट असतं हे मी पंचवीस वर्षं सोसतो आहे. त्या संध्याकाळी मला तिचा अभिमान वाटला.

सुभेदार पुढच्या दारात गेले. एका हातात हळद, दुसऱ्या हातात भडंग, उजवा गाल टम्म. आतून काकूंचा आवाज आला, इतका खणखणीत की गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या.

"थांबा तितंच! उंबरा वलांडू नगासा!"

सुभेदार जागच्या जागी सावधान.

काकू बाहेर आल्या त्या एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन. तुकडा त्यांच्या डोक्यावरून ओवाळला, दूर भिरकावला. पायांवर पाणी ओतलं, बुटांसकट. ओली बोटं त्यांच्या डोळ्यांना लावली. काल काय जेवलो हे ज्या बाईला आठवत नव्हतं, तिचे हात यात एकदाही चुकले नाहीत. अठ्ठावीस वर्षं सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला तिने असंच घरात घेतलं होतं. आणि गेली दोन-तीन वर्षं हा माणूस मागच्या दाराने येऊन तिला ते करूच देत नव्हता.

"वाळलासा लय," काकू म्हणाल्या. मग गालाकडे बघून, "हितंच तेवडं खाल्लेलं दिसतंय." आणि हसल्या. "किती दिसाची सुट्टी?"

सुभेदारांनी मनातल्या मनात मॅडमच्या दवाखान्याची फेरी परवावर ठरवली. म्हणाले, "परवापतूर."

"असूं दे. दोन दिस तर दोन दिस."

गुरुवारी सकाळी रंगराव सुभेदार पुढच्या दारातून निघाले. बूट घरातच घातले, उंबऱ्यावर बसून, काकूंच्या देखत. म्हणाले, "जाऊन येतो." काकूंचे डोळे भरले, पण त्यांनी लाडवाचा डबा दिला. पहिल्या सिटिंगला शिल्पा मॅडमनी दाढ उघडून पू काढला, आत साफ केलं, औषध भरलं. सुभेदार खुर्चीत सावधान पडून होते. लाडू खायला बंदी होती, म्हणून ते मॅडमनी आणि मी खाल्ले. घरी परतल्यावर भाकरतुकडा, तांब्या आणि "किती दिसाची सुट्टी?" या वेळी पूर्ण आठवडा होता. काकूंनी शेजारणीला हाक मारून सांगितलं, "सात दिसाची मिळाल्या!"

दुसऱ्या सिटिंगपर्यंत गाल उतरला. तिसऱ्या वेळी आत कोरडं निघालं आणि दाढ भरली. मग कॅपचं माप, मग कॅप. प्रत्येक वेळी जाताना काकूंचं रडू थोडं कमी आणि येताना गल्लीतली गर्दी थोडी जास्त. चौथ्या फेरीला सुमनने रांगोळी काढली. पाचव्या फेरीला समोरचे निवृत्त बँडवाले काका क्लॅरिनेट घेऊन गॅलरीत उभे राहिले आणि त्यांनी जे काही वाजवलं ते लग्नातलं होतं, पण वाजवलं झकास. भुलीने ओठ वाकडा नाही, गाल फुगलेला नाही, नवी कोरी कॅप चमकते आहे, आणि आमचे सुभेदार स्कूटरवरून उतरून दारापर्यंत परेडच्या चालीने चालत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दोन्ही हात दुखेपर्यंत.

वाटेत मात्र ते जरा उतरल्यासारखे वाटले होते. दवाखान्यातून निघताना मॅडमना म्हणाले होते, "आनिक येखादा दात किडलाय का बगा की."

"एकही नाही, काका. आता यायचं काम नाही."

"डाव्या अंगाला नीट बगा."

"बघितलं. सगळे ठणठणीत आहेत."

तर आता दारात भाकरीचा तुकडा ओवाळून झाला, पाणी घालून झालं, आणि काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "किती दिसाची सुट्टी?"

सुभेदारांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली. मग टाचा जुळवून म्हणाले, "डूटी संपली. आता कायमचा आलो."

क्लॅरिनेट थांबलं. काकूंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, गेलं. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मग रिकामं का हुबं ऱ्हायलासा? आमटीला कोथमीर न्हाई घरात."

मी सुभेदारांकडे पाहिलं. आजची फेरी नुकतीच संपली होती. यादीत कोथिंबीर नव्हती.

"आत्ता आनतो," ते म्हणाले.

आणि रंगराव सुभेदार, ज्यांनी एका फेरीत लग्न, बारसं आणि दहावा उरकला होता, ते एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी पुढच्या दाराने निघाले. बूट वाजवत, स्कूटर फाटकातच चालू करून, हॉर्न देत. काकू आत गेल्या नाहीत. भाकरीचा दुसरा तुकडा हातात घेऊन त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि मंडईच्या रस्त्याकडे बघायला लागल्या.